उजव्या हाताची राखी

प्रिय सई आणि मिहिर,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, एकोडीला कसं झालं?" आणि मी म्हटलं, "छान झालं, पाऊस चांगला आहे." ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तुमच्याकडे सकाळची घाई, माझ्याकडे झोपेची वेळ, पडद्यावर चेहरे मध्येच गोठतात. अशात उरलेलं अर्धं सांगायला मला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. आत्ताच लिहिते आहे, कारण महिना-दोन महिने गेले की मी माझ्या सगळ्याच प्रवासांना इस्त्री करून ठेवते आणि चुण्या दिसेनाशा होतात. या प्रवासाच्या चुण्या तुम्हाला दिसायला हव्यात.

वासू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुमचे मामाआजोबा. मोठी बहीण म्हणून तो मला बाई म्हणतो. तुम्ही त्यांना एकदाच भेटला आहात. मिहिर, तुला त्यांनी बैलगाडीत बसवलं होतं आणि तू उतरेपर्यंत रडत होतास. मी शिकायला नागपूरला गेले, मग नोकरी आणि संसार पुण्यात झाला. वासू साकोलीजवळच्या आमच्या गावी, एकोडीलाच राहिला आणि धानाची शेती करत राहिला. काही वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला भंडाऱ्याला जातो.

माझी राखी दर वर्षी पोस्टानं जाते. यंदा वासूच्या बायकोचा, शेवंताचा फोन आला, "बाई, यंदा पोस्टानं पाठवू नका. तुम्हीच या."

"काहून व?" मी विचारलं, म्हणजे का गं. एकोडीच्या माणसांशी बोलताना माझी भाषा आपोआप तिकडची होते.

"या त खरं," ती म्हणाली. एवढंच.

वरठी, मंगळवार

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. मी सकाळी उतरले तेव्हा पोलाद कारखान्याची पाळी सुटली होती आणि सगळा रस्ता मोटरसायकली आणि सायकलींनी भरला होता. प्रत्येक हँडलला जेवणाचा रिकामा डबा लटकलेला, त्यामुळे माणसांच्या आधी डब्यांचाच आवाज येत होता. त्या गर्दीतून शेवंता छत्री मिटवत आली आणि वाकून पाया पडली. पुण्यात आता कोणी स्टेशनवर पाया पडत नाही. मीच एवढी अवघडले की माझी पिशवी तिच्या पाठीवर आदळली.

"वासू कोठी हाय?"

"मशीनवर. आज मंगळवार नाई का."

त्यांच्या घरात आता आठवड्याचे दोनच वार उरले आहेत, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस या दोघांच्या मधले.

आम्ही ऑटोनं सरळ भंडाऱ्याच्या डायलिसिस केंद्रावर गेलो. मला वाटलं होतं, शांत, पांढरी, घाबरवणारी खोली असेल. पण यंत्रांमुळे तिथे एसी जोरात चालू असतो आणि प्रत्येक जण घरून आपापली गोधडी घेऊन येतो. लाल, हिरव्या, ठिगळांच्या गोधड्या पांघरून माणसं ओळीनं पडलेली. एखाद्या लग्नघरातली पाहुण्यांची खोली असावी तसं दिसत होतं.

सई, तू शाळेत मूत्रपिंड शिकली आहेस. तू म्हणशील, गाळणी. बरोबर आहे. आपल्या आत जी गाळणी रात्रंदिवस चालते, तिचं काम इथे एक यंत्र चार तासांत करतं. एका सुईतून रक्त बाहेर येतं, गाळून दुसऱ्या सुईतून परत जातं. पण यंत्राला भरभर वाहणारं रक्त लागतं, आणि आपल्या हाताच्या नसेत ते हळू वाहतं. म्हणून डॉक्टर हातातली एक धमनी आणि एक शीर आतून जोडून देतात. त्याला फिस्टुला म्हणतात. वासूच्या उजव्या मनगटाच्या वर तो होता, कातडीखाली फुगलेली, वळण घेतलेली शीर.

वासू मला बघून हसला. तो बारीक झाला आहे, चेहऱ्याचा रंग राखेकडे गेला आहे, पण हसणं तेच. मी काही बोलायच्या आत शेजारच्या गोधडीतून आवाज आला.

"तुमीच का पुण्याच्या बाई? दोन हप्त्यांपासून हा वासूभाऊ सांगून राहिला, माही बाई येऊन राहिली, माही बाई येऊन राहिली. आमाले वाटलं कलेक्टर येते का काय."

ते धनराजभाऊ, लाखांदूरकडच्या दिघोरीचे. वासूबरोबरच त्यांची पाळी असते.

"कलेक्टर येत असती त तू गोधडी तरी धुतली असती," वासू म्हणाला.

"धुतली हाय गा. वाळली नाई. पाऊस तुह्या बांधीत पडते अन् माह्या गोधडीवर पडत नाई का?"

बांधी म्हणजे पाणी अडवायला बांध घातलेला धानाचा तुकडा. धानाच्या शेताला तिकडे हाच शब्द.

वासूनं मला जवळ बोलावलं. दोन सुया टोचलेल्या जागेच्या थोडं खाली बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. कातडीखाली सतत, बारीक थरथर होती.

"पाईपाले हात लावला का समजते ना, मोटार चालू हाय का बंद? तसं हाय हे," तो म्हणाला. "हे थरथरते तवरक आपलं बरं."

मग त्यानं मला ते सांगितलं, ज्यासाठी शेवंतानं बोलावलं होतं. पहिला फिस्टुला डाव्या हातात होता, तो बंद पडला. दुसरा तयार होईपर्यंत काही महिने गळ्यातून नळी घातली होती. त्या नळीत दोनदा जंतू शिरले, थंडी वाजून ताप आला, अंघोळ बंद, शेतात जाणं बंद, कूस बदलणं बंद.

"तवा मी माणूस नोयतो बाई, टाकीले लावलेला नळ होतो," तो म्हणाला. "मी हिले सांगून ठेवलं हाय. हा हात चालते तवरक मी इथे येतो. हा बंद पडला का माहं बी येनं बंद. गळ्यात आता काई घालून घेत नाई."

हे त्यानं रागानं नाही, धान केव्हा कापायचं हे सांगावं तसं सांगितलं. शेवंता टीव्हीकडे बघत होती. टीव्हीचा आवाज बंद होता.

एकोडी

वैनगंगेच्या पुलावरून लाखनी, साकोली असं करत दुपारी गावी पोचलो. पाणी तुम्ही पाहिलंय, पण असं नाही. तलाव भरलेले, लहान तळ्यांसारख्या बोड्या भरलेल्या, बांध्या भरलेल्या, आणि त्या सगळ्या पाण्यात नुकती रोवलेली धानाची हिरवी टोकं. रोवणी संपत आली होती. शेवटच्या बांध्यांमध्ये बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि एकमेकींना चिडवत होत्या. कोणीतरी आमच्या गाडीकडे बघून ओरडलं, "पाहुणीले चिखलात उतरवा, पुण्याची माती धुवून काढू."

तुमच्याकडे आणि आता पुण्यातही पाहुण्याला विचारतात, "पाणी घेणार?" एकोडीत विचारत नाहीत. पाय धुवायला बादली आणि हातात पाण्याचा गडू, हे बोलण्याच्या आधी येतं. शेवंतानं मला गडू दिला. वासूला मात्र दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत भरून ठेवलेलं असतं, आणि ते तो लहान मुलाच्या पेल्यातून घोट-घोट घेतो. त्याची मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत. प्यालेलं पाणी अंगात साठतं, पायांवर येतं, छातीत भरतं. मला त्याच्यासमोर पिववेना, मी गडू घेऊन स्वयंपाकघराकडे वळले.

"बाई," तो मागून म्हणाला, "माह्यासमोर पी. तू लपून पेली त मले जास्त तहान लागते."

मी त्याच्यासमोर बसून अख्खा गडू प्यायले. तो लक्ष देऊन बघत होता. "थंड हाय का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, हाय.

पुण्याहून मी बाकरवडी, आवळ्याची सुपारी आणि मसाला काजू नेले होते. शेवंतानं एकेक पुडा हातात घेतला, मीठ, आवळा, मीठ, वासूला सगळंच वर्ज्य, असं मनात म्हणाली असावी, आणि सगळं कपाटावर ठेवून दिलं. "पाहुण्याइले होईल," ती म्हणाली. पाहुणी मी एकटीच होते, त्यामुळे पुढचे दोन दिवस चहाबरोबर माझीच बाकरवडी मला मिळत राहिली.

तिचा स्वयंपाक मात्र बघण्यासारखा. भाजी चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, तेही पाणी फेकायचं. भाजीतलं पोटॅशियम त्यानं कमी होतं. ते वाढलं तर वासूचं हृदय थांबू शकतं. त्या दिवशी कोणीतरी जंगलातून सात्या आणून दिल्या होत्या. श्रावणात वारुळांवर उगवणारी ती पांढरी अळिंबी लहानपणी आमचा जीव की प्राण. वासूच्या ताटात दोन तुकडे, तेही दोन पाण्यांतून काढलेले.

"याले सात्या म्हनत असशील त म्हन," तो म्हणाला. "मले त धुतलेली गोधडी खाऊन राहिलो असं वाटते."

"धनराजभाऊची त नाई ना?" शेवंता म्हणाली. तिघंही हसलो.

सकाळी मी उठले तेव्हा ती वासूच्या खाटेशी बसली होती. तोंड धुतलेलं नाही, चूल पेटवलेली नाही. त्याच्या उजव्या मनगटावर तिनं दोन बोटं ठेवली होती आणि मान थोडी कलती केली होती. मग उठली आणि चहा टाकला. मला वाटलं होतं ती नाडी बघते. ती मोटार चालू आहे का ते बघत होती. रोज बघायची.

एकोडी, बुधवार

त्या दिवशी नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजातून डॉक्टर आल्या, पल्लवी नावाची हसरी तरुणी, चिखलानं माखलेले बूट दारात काढून ठेवणारी. त्या गावागावांत फिरून एका गोष्टीचा अभ्यास करतात. मूत्रपिंडं बहुधा मधुमेहानं किंवा रक्तदाबानं खराब होतात. पण धान पिकवणाऱ्या काही गावांत यांतलं काहीच नसलेल्या माणसांनाही हा आजार होतो, असं त्यांच्या लक्षात आलं आहे. तो का होतो, ते कोणालाच नीट माहीत नाही. म्हणून त्या विहिरींचं पाणी नेतात, लोकांचं रक्त आणि लघवी तपासतात, उन्हात किती वेळ काम करता, पाणी केव्हा पिता, अंग दुखल्यावर कोणत्या गोळ्या खाता, असं सगळं विचारतात.

वासूला साखरेचा आजार नव्हता. दाब वाढला तो मूत्रपिंडं गेल्यानंतर. त्यामुळे तो त्यांच्या फार कामाचा माणूस आहे आणि हे त्याला आवडतं. तो त्यांना घेऊन घरोघर गेला, आणि मी मागे. लोक बाटलीत लघवी द्यायला लाजत होते.

"दे ना बे," वासू एकाला म्हणाला. "तुह्याजवळ हाय म्हून मागून राहिल्या. माह्याजवळ मागितली त मी कोठून देऊ?"

घरी परतल्यावर चहा घेताना त्यानं पल्लवीला विचारलं, "डॉक्टरबाई, एक सांगा. मले काहून झालं? दारू नाई, विडी नाई. माह्या बांधीले लागून ज्याची बांधी हाय, त्याच विहिरीचं पानी तो बी पेते. तो बैलासारखा हाय."

"माहीत नाही, काका," ती म्हणाली. "ऊन, पाणी, औषधं, अंगातच असलेलं काही, यांतलं एक की सगळं मिळून, ते अजून कळलेलं नाही. कळायला वर्षं लागतील."

मी चाळीस वर्षं शिकवलं. वर्गात उत्तर येत नसलं की फळ्याकडे वळायची सवय मलाही होती. ही मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"बरं झालं खरं सांगितलं," वासू म्हणाला. "साऱ्याइले मालूम राहते का मले काहून झालं. एकानं त सांगितलं, मागच्या जन्मी तलाव फोडला असेल."

जाताना तिनं वासूच्या मनगटावर बोटं ठेवली, "छान चालतोय," म्हणाली, आणि शेवंताच्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला.

राखी

गुरुवारी राखीपौर्णिमा. आमच्याकडे पुरुषाला राखी उजव्या हातालाच बांधतात. फिस्टुलाच्या हाताला मात्र घड्याळ नको, बांगडी नको, दाब मोजायचा पट्टा नको, काहीही आवळून बांधायचं नाही. म्हणून शेवंतानं आधीच गावातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं, यंदा राख्या डाव्या हाताला. वासूला गावात मानलेल्या बहिणी पुष्कळ आहेत. सासरी आलेल्या, माहेर लांब असलेल्या कितीतरी जणी त्याला राखी बांधतात.

"डाव्या हाताले बायका बांधतात," वासू कुरकुरला. "आता ओटीबी भरा माही."

"भरते," मी म्हटलं. "पुढे कर हात."

मी डाव्या मनगटाला बांधली. त्याच्या कपाळाला कुंकू, वर तांदूळ, हातावर पेढ्याचा एक कण, नखाएवढा, कारण दुधाचंही त्याला मोजूनच. नंतर बाया येत राहिल्या, बसल्या, त्याची थट्टा करून गेल्या. डावा हात कोपरापर्यंत रंगीत झाला. दुपारी शेवंता शेवटच्या बांधीच्या रोवणीकडे गेली, मी आतल्या खोलीत आडवी झाले. पाऊस बारीक चालू होता.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते इथेच सांगते, म्हणजे तुम्हाला क्रम लागेल.

आमची चुलत बहीण चंद्रभागाअक्का, माझ्याहूनही बरीच मोठी, तीन घरं पलीकडे राहते. तिला आता दिसत नाही. पावसाळ्यात ती उंबऱ्याबाहेर पडत नाही, राखीला वासूच तिच्याकडे जातो, म्हणून शेवंतानं तिला आधी काही सांगितलंच नव्हतं. पण यंदा ती भिंतींना हात लावत लावत आली. दर वर्षीप्रमाणे हळदीत भिजवलेल्या कच्च्या सुताची राखी तिनं स्वतः वळली होती. तिनं वासूचा हात चाचपडून शोधला, उजवा. त्याच्या जन्मापासून ती त्याच हाताला बांधत आली आहे. बोटांना दिसतं तसं तिनं गाठीवर गाठ मारली.

"मंग तू काईच बोलला नाई?" मी नंतर विचारलं.

"आंधळ्या बाईच्या हातातून हात कसा ओढू?" वासू म्हणाला. "थे बांधता बांधता रडून राहिली होती. म्हने, पुढच्या साली मी राहते का नाई राहते. म्हटलं, बांध. थे गेली का सैल करतो."

ती गेल्यावर गाठी सुटेनात. कापायचा विचार आला, पण राखी त्याच दिवशी कापणं त्याच्या मनाला पटलं नाही. आमच्याकडे ती पोळ्यापर्यंत ठेवतात. शेवंता ओरडेल म्हणून त्यानं लांब बाहीचा सदरा घातला आणि बांधीवर चक्कर मारायला गेला. पावसात सूत भिजलं. कच्चं सूत भिजलं की आवळतं. रात्री तो त्या हातावर निजला.

शुक्रवार

सकाळी मी जागी झाले. शेवंता वासूच्या खाटेशी होती, दोन बोटं मनगटावर. उचलली, परत ठेवली. मग थोडी वर, मग कोपराकडे. बाही वर केली. पिवळा दोरा कातडीत रुतला होता.

"बाई," ती म्हणाली, "तुमी पाहा बरं."

मी हात ठेवला. हात गरम होता. आत काही नव्हतं.

तिनं कात्री आणली आणि दोरा कापला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, वासूची तीच तयारी होती. तिनं फोन काढला आणि पल्लवीला लावला.

पल्लवी म्हणाली, भंडाऱ्याला थांबू नका, सरळ नागपूरला या, शस्त्रक्रियेचे डॉक्टर आज आहेत, मी त्यांच्याशी बोलते. गावातली एक गाडी मिळाली. भंडारा आलं तेव्हा वासूनं खिडकीतून केंद्राकडे जाणारा रस्ता बघितला. "धनराज वाट पाहत असेल," म्हणाला.

नागपुरात डॉक्टरांनी हातावर जेल लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर करडे पट्टे हलत होते, त्यातला एक हलत नव्हता. गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, ही शीर आतून आधीच अरुंद झाली होती, उघडून साफ केली तरी टिकणार नाही. काही महिन्यांनी दंडात वरच्या बाजूला नवीन जोड द्यायचा प्रयत्न करता येईल. पण रक्तातलं पोटॅशियम आत्ताच खूप वाढलेलं आहे, डायलिसिस आजच हवं, आणि त्यासाठी गळ्यातून नळी घालावी लागेल.

"नाई," वासू म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. वासू सभ्यपणे ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि शेवटी पुन्हा म्हणाला, "नाई साहेब." मग उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

मंगळवारपासून त्याला काय काय सांगायचं ते मी मनात मांडत आले होते. मुद्दे होते, उदाहरणं होती. त्या बाकावर त्यातलं एकही मला उच्चारता आलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा बंद पडलेला हात मांडीवर घेतला. शेवंता समोर भिंतीला टेकून उभी होती.

पल्लवी येऊन आमच्याजवळ बसली. वासूनं तिला विचारलं, "डॉक्टरबाई, सुतानंच झालं का हे?"

"दोऱ्यानं झालं नाही, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण शीर आधीच खराब होत होती. आज नाही तर काही दिवसांनी बंद पडली असती का, ते कोणीच सांगू शकणार नाही."

"म्हंजे हे बी तुमाले पक्कं मालूम नाई."

"नाही."

तो किंचित हसला. मग बराच वेळ जमिनीकडे बघत बसला. एक आया पुसत पुसत आली, आम्ही तिघांनी पाय उचलले, ती पुढे गेली.

"मी गेलो," वासू म्हणाला, "त लोकं काय म्हनतील? एकोडीतलं कोनी चूप बसते का? म्हनतील, अक्काच्या राखीनं गेला. तोंडावर कोनी म्हननार नाई. पन थे म्हातारी कानानंच जगते. तिले ऐकू येईलच."

त्यानं हात माझ्या मांडीवरून काढून घेतला.

"तिले कोन सांगनार का शीर आधीच खराब होती म्हून? सांगितलं तरी तिले पटन का?" तो शेवंताकडे बघून म्हणाला. "उरलेले दिवस थे आपले हात पाहत बसेल. दिसत नाई तरी पाहत बसेल."

मग तो उठला. "चला. घाला म्हना नळी."

शेवंता भिंतीपासून हलली नाही. "माह्यासाठी नाई म्हनत होते इतके दिवस," ती म्हणाली. "अक्कासाठी लगेच हो."

"तुले समजावून सांगता येते," तो म्हणाला. "तू भांडते, रडते, मंग तुले समजते. तिले कसं सांगू?"

"अन् मले समजलं असतं, असं वाटते तुमाले?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याचा सदरा नीट केला आणि त्याला दंडाला धरून आत नेलं. दार लागलं तेव्हा पल्लवीनं माझा हात धरला होता की मी तिचा, ते मला आठवत नाही.

परत

मी पुण्याचं तिकीट पुढे ढकललं आणि आणखी आठवडाभर राहिले. नळी उजव्या बाजूला, गळ्यापासून छातीपर्यंत, पट्टीखाली आहे. ती भिजवायची नाही, म्हणून शेवंता त्याचं अंग ओल्या फडक्यानं पुसते. तिची सकाळची दोन बोटं आता कुठे ठेवायची, ते तिला अजून समजलेलं नाही. ती येऊन खाटेशी बसते, विचारते, "ताप त नाई ना?" आणि कपाळाला हात लावते. मंगळवारी भंडाऱ्याला धनराजभाऊंनी वासूची पट्टी बघितली. एरवी ते लगेच काहीतरी बोलले असते. या वेळी त्यांनी नुसती आपली गोधडी उचलून वासूच्या पायांवर टाकली. "धुतली हाय," ते म्हणाले. "वाळली बी हाय."

पल्लवीचं काम चालू आहे. एकोडीतल्या आणखी दोघांच्या रक्तात तिला या आजाराची सुरुवात दिसली आहे. त्यांना अजून काही त्रास नाही. त्यांना समजावून सांगायला वासू तिच्याबरोबर गेला होता, गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून.

मी निघायच्या आदल्या दिवशी अक्का आली. भिंतींना हात लावत, ओसरीवर. वासूनं दुपट्टा नीट केला. तिनं त्याचा उजवा हात शोधला आणि मनगटावरून बोटं फिरवली.

"राखी कोठी गेली रे?"

"सुटली अक्का. पानी लागलं."

"इतल्या गाठी मारल्या होत्या."

"मी काय बसून राहतो का? बांधीत हात घातला, सुटली."

"शेवंता तुले बांधीत जाऊ देते?"

"नाई जाऊ देत. म्हून त लपून गेलो."

अक्का हसली. शेवंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अक्काची बोटं अजून त्याच्या मनगटावर होती, जिथे थरथर असायची तिथेच. तिच्या बोटांना काही समजलं की नाही, मला माहीत नाही. तिनं हात सोडला, "दुसरी वळून देते," म्हणाली, आणि शेवंतानं तिच्यापुढे पाण्याचा गडू ठेवला.

तर मुलांनो, उरलेलं अर्धं हे असं आहे. वासूचा डावा हात आधीच गेला होता, आता उजवाही गेला. मूत्रपिंडं त्याच्याही आधी गेली, आणि ती का गेली ते अजून कोणालाच माहीत नाही. तुमचे मामाआजोबा मात्र आहेत.

तुमची,
आजी